उडी

नावात सात आहेत. मी मोजायचे तेव्हा कधी पाच असत,
कधी नऊ, आणि बर्फ पडला त्या मंगळवारी
फक्त दोन: माझे वडील आणि त्यांचा बँजो
(तो माणसात धरला तर).

रोपवॉक सेव्हन. साउथ शील्ड्स. पबची मागची खोली.
दारात मी, दहा वर्षांची, मांडीवर बिस्किटांचा डबा.
पुरुषांना एक शिलिंग, बायकांना सहा पेन्स,
ओल्या कोटांचा आणि हेरिंगचा वास फुकट.

सुरुवात एका तबकडीपासून.
कथबर्ट हेडलीच्या मामाने ती न्यू ऑर्लिन्सहून आणली,
बोटीवर, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून,
तरी वाटेत कुठेतरी ओरखडा पडलाच.
तिसऱ्या फेरीत सुई अडखळायची
आणि दोन मात्रा गिळून पुढे जायची.
पोरांना काय माहीत. गोदीत रिव्हेट ठोकणारी पोरं,
नोटेशन म्हणजे बँकेतल्या नोटा समजणारी,
त्यांनी ऐकलं तसं उचललं, ओरखड्यासकट.
कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, तिघं एकदम
त्या दोन मात्रांवरून उडी मारायचे,
गल्लीतलं रोजचं डबकं ओलांडावं तसे,
न बघता.

चार वर्षांनी कुणीतरी धड तबकडी आणली.
सगळे ऐकत बसले. उडी नव्हतीच त्यात.
बराच वेळ कुणी ग्लास उचलला नाही.
कथबर्टने कॉर्नेटमधली थुंकी झटकली, म्हणाला,
"त्यांचं चुकलंय."

मग एक वर्ष बरं गेलं, बासष्ट सालचं.
पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं, गोल टोप्या,
टीव्हीवर साडेचार मिनिटं.
आई शेजारणीकडे जाऊन बघून आली,
म्हणाली, "ह्यांचे कान केवढे दिसतात."
पुढे गिटारवाली पोरं आली
आणि माझा डबा वाजायला लागला.
भरलेला डबा वाजत नाही, हे तेव्हा कळलं.

ट्यूबावर सालेह मुकबिल.
त्याचा बाप येमेनमधून आलेला, बोटींच्या भट्ट्यांत कोळसा घालत.
सालेह म्हणे, आमच्या घरात धंदा एकच, फुंकर घालायचा.
बियर शिवायचा नाही.
बियरच्याच ग्लासात काळाकुट्ट चहा, सहा चमचे साखर.

गोदी बंद पडली तेव्हा नॉर्मन स्टोरीने
भरपाईच्या पैशांतून नवा ट्रॉम्बोन घेतला.
बायको तीन आठवडे बोलली नाही.
चौथ्या मंगळवारी येऊन पहिल्या रांगेत बसली,
विणकाम घेऊन, त्याच्याकडे पाठ करून.
बसली मात्र.

कोण कधी गेलं याची यादी मी करत नाही.
वडील नोव्हेंबरात गेले.
जाताना संथ वाजवायचं, येताना जोरात, अशी रीत आहे.
दफनभूमी टेकडीवर; वारा असा
की क्लॅरिनेट उघडपणे समुद्रासाठीच वाजत होती.
मी रडले नाही. उतारावर ती जागा आली
आणि आम्ही सगळे, मी, आई, पाद्रीसुद्धा,
एकेक पाऊल अधांतरी धरून
पुढे टाकलं.

आता कॉर्नेटवर एक मुलगी आहे. टॅम्सिन.
एकोणीस वर्षांची, निळे केस, कॉलेजात हेच शिकते.
पहिल्या रात्री तिने कागदावर होतं ते वाजवलं.
तिसऱ्या फेरीत बाकीच्यांनी उडी मारली
आणि ती दोन मात्रा खोलीत एकटीच उरली,
लख्ख, बरोबर, आणि एकटी.
सालेहच्या नातवाने ट्यूबामागून खांदे उडवले.
त्यालाही माहीत नाही. त्याला आजोबांनी असंच दिलं.

मध्यंतरात ती दाराशी आली.
मी पैसे मोजत होते; डबा तोच, बिजागरी नवी.
"तिथे सगळे का उडी मारतात?"

मामा, मोजे, बोट, सुई, सगळं तोंडाशी आलं.
पण आत ड्रमवाला काड्या आपटायला लागला होता.

"डबकं आहे तिथे," मी म्हटलं.

ती खरंच खाली बघते.