खाटा काढलेल्या खोल्या

पोझनानच्या या हॉटेलात नोव्हेंबरचे दोन दिवस
कुणी झोपत नाही.
चौथ्या मजल्यावरच्या खाटा कुठेतरी खाली नेऊन ठेवल्यात,
गालिच्यावर त्यांच्या पायांचे खळगे तेवढे राहिलेत,
आणि त्या खळग्यांच्या मधोमध
माणसाएवढाले स्पीकर उभे,
लग्नात फोटोसाठी रांगेत लावलेल्या नातलगांसारखे अवघडून.

न्हाणीघराचं दार मी चुकून उघडलं.
टबात रिकामी खोकी झोपली होती.

क्षावेरी म्हणाला होता, चल गं ताई,
कायतेकला सांभाळायला घरी कुणी नाही.
मी ट्राम चालवते. बावीस वर्षं.
माझ्या डाव्या कानात एक रूळ सतत वळत असतो,
रजेच्या दिवशीसुद्धा.
मला काय कळणार यातलं?

तरी बसले, मागे.
पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीसाठी
माणसं अर्धा अर्धा तास भिंतीला टेकून थांबतात.
एक उठतो, दुसरा बसतो, डोळे मिटतो,
आणि दाढ दाखवायला आल्यासारखा
हळूहळू आ करतो.

प्रत्येक खोलीत तीच बाई गाते,
माइकला ओठ लावून, कुणाला उठवायचं नसल्यासारखी.
चारशे सातमध्ये तिला पडसं झालेलं.
चारशे नऊमध्ये ती नुकतीच कुणाला तरी सोडून आलेली.
चारशे अकरात तिनं आवंढा गिळला
तो स्पष्ट ऐकू आला,
आणि सगळे पुरुष एकमेकांकडे बघून
समाधानानं हसले.

बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग नव्हती.
आयुष्यात पहिल्यांदा.

मग चारशे बारा.
ओल्गेर्द, वय अडुसष्ट, अंगात विणलेला स्वेटर, कोपराला ठिगळ.
त्याचे व्हॉल्व्ह पेटलेले,
चेरीच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे कुणी दिवा धरावा तसे.
ही तार मीच गुंडाळली, म्हणाला, पाच हिवाळे.
किंमत मात्र इतक्या हळू सांगितली
की त्या मजल्यावर न ऐकू आलेली तेवढी एकच गोष्ट.

चेलो संपला.
ओल्गेर्दनं बोट वर केलं:
आता शांतता ऐका. खरं काम तिच्यावर झालंय.

आम्ही ऐकू लागलो.
कायतेकनं दोन्ही कानांवर हात दाबले.
ती शिट्टी बंद करा ना, म्हणाला.

कुठली शिट्टी?

ही.

अठरा माना एकदम तिरक्या झाल्या.
चष्मे, टकलं, गळ्यातले पास,
घर गहाण टाकता येईल इतके तयार कान,
आणि कुणालाच काही नाही.
क्षावेरी लाल झाला, लहान आहे हो तो, म्हणू लागला,
पण ओल्गेर्द तोवर गुडघ्यांवर बसला होता.
गुडघे वाजले. ते मात्र सगळ्यांना ऐकू आले.

दाखव, म्हणाला.

पोरगं कान पुढे करून निघालं,
कपाटाखाली मांजर शोधावं तसं.
एक प्लग निघाला. आता?
आहे.
दुसरा. आता?
आहे.
पाच हिवाळे बंद केले त्यानं, स्वतःच्या हातानं,
बरण्या तांबूस झाल्या, मग काळ्या.
आता?
आहे की.

शेवटी सापडलं:
नावाच्या पाटीवरच्या निळ्या दिव्याचा अडॅप्टर,
येताना पेट्रोल पंपावर घेतलेला.
गेली, म्हणाला कायतेक, आणि हात खाली केले.

ओल्गेर्दनं वहीत काहीतरी लिहिलं.
मग, अगदी शाळकरी मुलासारखं, विचारलं,
कशी होती रे?
कायतेकनं विचार केला.
केसासारखी. पण ताणलेला केस.
म्हातारा तसाच बसून राहिला जमिनीवर,
दिवा विझलेला, डोळे मिटलेले,
ओठ किंचित हलत होते.
कुणीतरी दारातून विचारलं, पुढचं गाणं कधी?

परतताना सहा नंबरची ट्राम. चालवत दुसरीच कुणी होती,
वळणावर जरा जास्तच वेगात घेतली तिनं,
रूळ किंचाळला.
किती आवाज आले? मी विचारलं.
तीन, कायतेक म्हणाला, न थांबता.

मला दोन आले.
त्यातला एक माझाच.