मीटरची भिशी

अजमानला आमच्या इमारतीत वीज नाही.
म्हणजे आहे, पण मागच्या अंगणात,
डिझेलवर धापा टाकणारी,
रात्री एक ते पाच मेल्यासारखी निजणारी.
मालक म्हणतो, जोडणी येईल, इन्शाल्ला.
तीन उन्हाळे झाले त्या इन्शाल्लाला.

म्हणून भिशी.
अकरा जणी, महिना शंभर दिरहम,
दूधपावडरच्या डब्यात चिठ्ठ्या.
वही माझ्याकडे, कारण मी अबाये शिवते
आणि माझा टाका उसवत नाही म्हणे.
नियम एकच: पैसा विजेवरच जाईल,
इथल्या किंवा तिथल्या.
सोनं नाही. लग्न नाही.
(लग्नावरून दोनदा भांडणं झाली.)

हमिदा पारकरने बॅटरी घेतली.
तिच्या पंख्याखाली आता आम्ही चौघी झोपतो,
तिच्या नवऱ्याला गॅलरीत घालवून.
सूसम्माने जुना फ्रीज आणला,
तो पहाटे पाचला जागा होतो.
मासळी तोवर थांबत नाही.

फेब्रुवारीत चिठ्ठी निघाली यशोदा गुरवची.
राजापूरच्या वरच्या वाडीत तिचं घर,
खांब खालच्या वळणावरच दमलेला.
अकराशे भिशीचे,
उरलेलं सासूच्या बचत गटाचं कर्ज,
आठवड्याचा हप्ता, तारण फक्त
शेजारणींची तोंडं.
छपरावर सोलर बसला. दोन दिवे.

पहाटे चारला यशोदा कामाला उठते.
तिथे साडेपाच, अजून काळोख.
खोलीत आम्ही चाचपडत होतो,
कुणाचा पाय कुणाच्या डब्यात,
आणि फोन वाजला.
सासूने दिवा दाखवायचा म्हणून
कॅमेरा थेट दिव्याच्या तोंडाशी धरला.
पडद्यावर पांढरं.
चूल दिसेना, पोर दिसेना,
नुसतं पांढरं, आणि त्यातून सासूचा आवाज,
"दिसला गो? दिसला?"

दिसलं आम्हाला.
हमिदाच्या पायातली अंगठी दिसली,
भिंतीवरचं कॅलेंडर, माझी हरवलेली सुई.
यशोदाने युनिफॉर्मची बटणं लावायला घेतली
आणि म्हणाली, "आये, हात हलवू नको,
अजून दोन राहिलीत."

दुपारी वही उघडून बसले.
दोन रकाने, इथली, तिथली.
पेन बराच वेळ मधल्या रेघेवर.
यशोदाने मार्चचे शंभर आधीच देऊन ठेवलेले,
घामाने दमट.
बाहेर गॅलरीत
हमिदाचा नवरा खोकत होता.