शेऱ्याचा रकाना

सकाळी बरोबर सात वाजता
शेतकी शाळेमागची पांढरी, फटींची पेटी उघडते मी.
काचेतली बारीक काडी रात्री जिथवर मागे सरकली
तिथेच थांबलेली असते,
चोर पळाल्यावर उंबऱ्यात राहिलेल्या चपलेसारखी.
आठ पूर्णांक एक.
डोळे पुसून पुन्हा वाकते. आठ पूर्णांक एक.
कार्तिक निम्मासुद्धा सरला नाही,
यावलच्या गल्लीत आकाशकंदील अजून लटकतायत,
पंख्यावरची धूळ पुसायच्या आत
लोकांनी गोधड्या काढल्या.

स्टँडजवळ चहाच्या गाडीवर झेंडू भिरूड म्हणतो,
"औंदा हिवाया लवकरच आला, ताई.
पण हे काहीच नाही. खरी थंडी ती, ज्या साली..."
मग साल लावण्यावरून भांडण.
कुणी म्हशीच्या वेतावरून मोजतो,
कुणी रेल्वेच्या संपावरून,
एकजण आपल्या दुसऱ्या लग्नावरून.
त्या रात्री हौदावर भाकरीएवढी जाड साय धरली म्हणे,
कोंबडा आरवायला उठला आणि पुन्हा झोपला,
रात्री हिरवी केळी सकाळी काळी.
सगळ्यांच्या आठवणी शून्याखाली.
माझा आकडा ऐकून असे हसतात,
जणू मी लहान मापानं दूध घालतेय.

म्हणून जुनी बाडं काढली.
माझ्याआधी एकतीस वर्षं सुपडू तायडे.
निळी शाई, साताच्या पोटात आडवी रेघ,
शेऱ्याच्या रकान्यात कंजूष शब्द:
दव. धुकं. निसवण अडली. पोगा पिवळा.
वारा सातपुड्यावरून, कानाला लागतो.
एकदा नुसतंच "बापरे".
खोडलेलं, पण वाचता येतं.
कार्तिकातच पारा आठाच्या घरात
असं तीनदा झालंय.
तिन्ही वेळा पौष मात्र कोमट गेला.
त्यावरून काही ठरत नाही,
एवढं मला शिकवलेलं आहे.

आणि ती रात्र, जिच्यावर सगळं गाव शपथ घेतं?
सापडली. पान आहे, तारीख आहे.
आकड्याच्या जागी आडवी रेघ,
आणि सुपडूंचा सर्वांत लांब शेरा:
"पेटी उघडली नाही. रात्रभर बांधावर धूर करत होतो.
माझीही केळी आहे."

दुपारी डाबहून जालमसिंग पाडवींचा फोटो आला.
याच डोंगराचं दुसरं टोक, तिथली आश्रमशाळा;
रेंजसाठी टेकडी चढावी लागते,
म्हणून सकाळ दुपारी पोचते.
गवत पांढरं, कौलं पांढरी,
उभ्या जीपच्या टपावर पीठ चाळल्यासारखं.
खाली लिहिलंय,
बर्फ पडला मॅडम, एवढ्या लवकर कधीच नाही.
मी लिहायला घेते: हा पडत नाही, सर.
हे दवच, जागच्या जागी गोठलेलं.
पाठवत नाही.
फोटोत पन्नास पोरं नाचतायत,
अंगात गेल्या वर्षीचे स्वेटर,
बाह्या कोपराशी संपलेल्या.
यंदाचे डिसेंबरात येतात.

संध्याकाळी मळ्याच्या वाटेनं घरी.
झेंडूच्या घडांना गोणपाट बांधून झालेलं.
सकाळी हसणारे सगळेच
वाळक्या पानांचे ढीग रचत होते, मुकाट,
काडेपेटी शर्टाच्या खिशात.

मग नोंद.
किमान: आठ पूर्णांक एक.
शेऱ्यापाशी पेन अडतो.
फोनवर जालमसिंग सांगत होते,
चौथीतल्या जेमा वळवीनं
टपावरचं पांढरं चमच्यानं खरवडून खाल्लं.
विचारलं, कसं लागतं गं?
म्हणाली, लोखंडासारखं.

तेवढंच लिहिते.