निफाडचा आकडा

पेपर उघडला की आधी निफाडचा आकडा.
आज पाच पूर्णांक आठ.
माझ्या पायांना पेपर लागत नाही,
त्यांना रात्री अकरालाच कळलेलं असतं.
आधी चार मुंग्या, अंगठ्यापाशी,
मग अख्खं वारूळ फुटतं,
मग कुणी गोधडी शिवत बसावं तशा सुया
तळव्यातून आत, तळव्यातून बाहेर.
आणि पहाटे
काहीच नाही.

ते जास्त वाईट.
दुखतो तोवर पाय माझा असतो.

डॉक्टर बागूल नादकाटा घोट्याला टेकवतात.
डोळे मिटा, थरथर थांबली की सांगा.
मी जरा वेळाने म्हटलं, थांबली.
ते म्हणाले, ताई,
मी अजून वाजवलाच नव्हता.

हसले मी. काय करणार.
एकतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
गठ्ठा अंगठ्याखालून सरसर जायचा
आणि एखादा कागद जरासा जाड असला
तर डोळ्यांच्या आधी बोट अडायचं.
आता त्याच बोटांनी
ब्लाउजचं हूक लावायला पाच मिनिटं,
आणि लागलं की नाही ते आरशाला विचारायचं.

गेल्या पौषात गरम पाण्याची पिशवी
पायाशी घेऊन निजले होते.
छान झोप लागली.
फोड दिसला तिसऱ्या दिवशी,
मोजा चिकटला म्हणून.
तेव्हापासून पाणी कोपराने बघते,
तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं.
चप्पल उलटी करून दोनदा झटकते.
आधी सुती मोजे, वर लोकरीचे, सैल,
आणि दुपारी ऊन भिंतीवरून उतरलं
की जेलरोडला एक फेरी,
खाली बघत. पायांवर विश्वास नाही,
म्हणून डोळ्यांनी चालते.
गोळी रात्रीची. साखर महिन्याची.
तिळाचा लाडू अर्धा,
उरलेला अर्धा कुणी बघत नसताना.

पहाटे तीनला उगावहून दौलतचा फोन.
ताई, जागी असशील म्हणून केला.
बागेत धूर केलाय,
ठिबकला विहिरीचं पाणी सोडलंय,
मुळं गारठू नयेत.
मण्यात साखर उतरलीय,
आत्ता गारठा बसला तर तडकतात बघ.
मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी खोकत होतं,
ओली काटकी पेटताना करते तो आवाज.
तू काय करतेस, म्हणाला.
म्हटलं, तेच.
मुळांना ऊब.

रात्री जेवण झालं की हे चष्मा लावतात,
टॉर्च घेतात, माझा पाय मांडीवर घेतात.
पहिल्यांदा मी ओढून घेतला होता.
चाळीस वर्षांत यांनी माझ्या पायाला हात
फक्त एकदा लावला होता, जोडवी घालताना,
तोही भटजींनी सांगितलं म्हणून.
आता बोटांच्या बेचक्यांतून उजेड फिरवतात.
मी नोट उजेडावर धरायचे, अगदी तसं:
आधी कडा, मग मधला भाग, मग उलटी बाजू.
काही नसलं की म्हणतात, पास.

काल नाही म्हणाले.
टॉर्च एका जागी थांबला.
टाचेत बाभळीचा काटा,
किती दिवसांचा, देव जाणे.
मी म्हटलं, काढा, मला काही होत नाही.
चिमट्याने यांनी तो ओढला,
आणि ओठ आवळले गेले यांचे,
डोळे मिटले गच्च,
तोंडून स्स् आलं.

मी बघत राहिले.
इतक्या दिवसांनी
माझा पाय कुठेतरी दुखला होता.