तेराचा पाढा

खारीवाड्याच्या कपेलामागे एक खोली आहे.
पूर्वी तिथे फेस्ताच्या कमानी ठेवत,
मोडकी बाकं, आणि कुणीतरी ठेवून गेलेली
तारा तुटलेली एक व्हायोलिन.
आता सव्वाचारला तिथे चपला येतात.
मी दारात आधी चपला मोजते, मुलं नंतर.
काल एकवीस भरल्या.
तिप्पण्णाची एक गटारात वाहून गेली होती.

बंदरावरून कोळसा येतो, न बोलावता,
पेजेच्या टोपावर, हजेरीच्या वहीत,
सायबिणीच्या निळ्या पदरावर.
सिस्टर एर्मेलिंदा तिला रोज पुसते
आणि तो फडका लांब धरून बाहेर नेते,
शेपटीने उंदीर धरावा तसा.
मुलांना मात्र ही काजळी सोयीची:
खिडकीच्या कठड्यावर बोटाने लिहितात.
ही पाटी फुटत नाही, पुसावी लागत नाही,
रात्रीतून आपली आपण काळी होते.

मी तिथे मराठी आणि गणित शिकवते.
आडनाव तारी, देव्हाऱ्यात रवळनाथ.
शेजारीण म्हणाली, "सांभाळ हां, बाटवतील."
म्हटलं, बासष्टाव्या वर्षी मला कोण बाटवणार?
माझे गुडघेसुद्धा माझं ऐकत नाहीत.

पेजेआधी प्रार्थना.
ज्याला जे हवं त्याने ते मागावं, सिस्टर सांगते.
रहमत हात जोडत नाही, ओंजळ उघडी धरतो,
त्याला कुणी टोकत नाही.
तिप्पण्णा मागतो: डाव्या पायाची, सात नंबर.

गोमली राठोड आठ दिवस आली नाही.
नवव्या दिवशी सिस्टर जेटीवर गेली, मागोमाग मी.
बर्फाच्या पाण्यात पाय, बोटांची सालं निघालेली,
पोरगी आईशेजारी बसून सुंगटं सोलत होती.
सिस्टरने थर्माकोलचा खोका उपडा केला,
झगा गुडघ्यांत दाबला, एक मूठ सुंगटं घेतली
आणि सोलता सोलता म्हणाली, "तेरा एके?"
"तेरा."
"तेरा दुणे?"
आजूबाजूच्या बायका हसल्या.
तेरा चोक बावन्नपर्यंत हसल्या.

तेरा रुपये किलो, हा सोलायचा भाव.
हे आम्हाला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

शनिवारी गोमलीने सहा किलोंचे पैसे मोजले,
मोजून तिथेच उभी राहिली.
"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," म्हणाली. "वरचे आठ कुठे गेले?"
मुकादमाने आठ रुपये दिले.
सोमवारी मायलेकींना काम दिलं नाही.

आई कपेलाच्या पायरीवर आली, आत नाही आली.
"तुमच्या पाढ्याने आमच्या पोटावर पाय दिला," म्हणाली.
सिस्टरला कोकणी येते, पोर्तुगीज येते,
मोडकी कन्नडसुद्धा येते.
तिने कुठलीच वापरली नाही.
मग आत जाऊन गुडघे टेकले, आणि बराच वेळ
तिची पाठ मला दिसत राहिली.
काय बोलली असेल? मी कधी विचारलं नाही.
मी तांदूळ निवडत होते, तेच तेच खडे
पुन्हा ताटात टाकत होते.

गोमली आता रोज येते.
हे चांगलं झालं असं म्हणायला जीभ उचलत नाही.
आई सुकी मासळी विकते म्हणतात, सडा, बोगदा, कुठे कुठे फिरते,
संध्याकाळी पोरीला न्यायला येते,
खिडकीबाहेर उभी राहते, टोपली डोक्यावरच.

काल सगळे गेल्यावर खिडकी लावायला गेले,
तर कठड्यावर, बाहेरच्या बाजूने,
रुंद बोटाने काढलेला एक आकडा.
सात उलटा होता. आठ बरोबर.

मी खिडकी अर्धीच लावली.
रात्री कोळसा आलाच असेल.
सकाळी मी मुद्दामच त्या वाटेने गेले नाही.