छाट

अम्माच्या सुपात जंगल येतं, पोत्यातून.
गोंदियाकडचं म्हणे. तिनं कधी पाहिलेलं नाही.
चाळीस वर्षं रात्री तेंदूची पानं भिजवते;
सकाळी फडकं सोडलं की
दहा बाय बाराच्या खोलीत
झाडाखालच्या ओलीसारखं काहीतरी दरवळतं.
मग तंबाखू.
मग खोकला.

पत्र्याचा फरमा ठेवून ती कात्री फिरवते
भोकं चुकवत.
"इथं अळीनं खाल्लं. इथं पाखरू हगलं.
इथं वरचं पान टेकून होतं, डाग बघ की."
अक्षर येत नाही तिला,
पान मात्र वाचते
तेलुगूत, मराठीत, खोकत.

मी कुंभारीच्या पुढं, माळावर, रोपांना पाणी घालतो.
रोजंदारी.
गिरिपुष्पाच्या एकशे बारा ओळी,
तीन मीटरवर खड्डा, खड्ड्याला नंबर.
आधी तिथं पवन्या होतं, कुसळ होतं
विजारीतून मांडीपर्यंत चढणारं,
आणि टिटवी उघड्यावर अंडी घालून
आपल्यावरच ओरडायची.
मडिवाळसाहेब म्हणाले, पडीक होतं सगळं.
मीही म्हणालो, पडीक.

मार्चात सगळा माळ गुलाबी होतो.
लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.
सावली पडते. खरंच पडते, नाही कशाला म्हणू.
पुण्याहून एक बाई आल्या, हातात टॅब:
झाडांत तुम्हाला किती बरं वाटतं?
एक ते पाच.
ऊन चव्वेचाळीस. मी म्हणालो, चार.
बसल्यावर चार. कॅन उचलल्यावर तीन.
त्या हसल्या, तीनवर बोट टेकवलं.
पाखरं ऐकू येतात का?
मी ऐकून बघितलं.
टँकरचं इंजिन बंद करायला लावून
परत ऐकून बघितलं.

संध्याकाळी एक डहाळी घरी नेली.
अम्मानं पान बल्बसमोर धरलं,
उलटलं, कडेनं नख फिरवलं.
एक भोक नाही. एक डाग नाही.
कारखान्यात असलं पान मिळालं असतं
तर जन्मात एक बिडी छाट गेली नसती.
ती म्हणाली, "ह्याला कुणीच खात नाही का रे?"
आणि बोटं पदराला पुसली.

ओळ सत्तेचाळीस, खड्डा नऊ.
तिथलं रोप गेल्या उन्हाळ्यात मेलं
आणि त्याच्या आळ्यात हिवर उगवला.
कुणी लावला? शेळीच्या लेंडीनं, वाऱ्यानं, काय की.
माझंच पाणी पितो.
रजिस्टरात दोन रकाने, मेलं आणि जगलं;
मी पेन घेऊन बराच वेळ उभा होतो.

रविवारी अम्माला रिक्षानं तिथं नेलं.
हिवराची सावली ती केवढी, परातीएवढी.
तेवढ्यात ती मावली.
काटा लागला, मुंगळा चढला,
वर कसलीशी चिमणीएवढी पाखरं भांडत होती.
तिनं पाला ओरबाडून तळहातावर घेतला,
बाजरीच्या दाण्यासारखी पानं,
ह्यावर फरमा ठेवणार कुठं?
"ह्याची काही बिडी व्हायची नाही," म्हणाली,
आणि उठायचं नावच घेईना.

सोमवारी ओळींतलं तण काढायचंय.