वीस माणसांचा दर

टॉवेलच्या ऑर्डरवहीची मागची पानं कोरी होती,
तिथं मी सहल मांडली.
डावीकडे माणसं, उजवीकडे पैसे, मध्ये रेघ.
रेघ वाकडी. मागाच्या हादऱ्यानं
आमच्या घरात कुठलीच रेघ सरळ येत नाही.

मोठी अकरा, बाराशेनं तेरा हजार दोनशे.
पोरं सहा, नऊशेनं चोपन्नशे.
खोपोलीपर्यंत जाऊन-येऊन गाडी सोळा हजार,
रात्री दहाला निघायचं, म्हणजे लॉजचे वाचले.
भिशी उचलली तरी चाळीसच.
उरले ते चहा, टोल, ड्रायव्हरचं जेवण,
आणि कुणाला गाडी लागलीच तर एक लिंबू.

आत बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे.
मग फाटकाबाहेर नऊलाच जेवू,
कडक भाकरी, शेंगाचटणी. दही नको, सांडतं.
लॉकर दोनशेला.
बालामणी अत्या म्हणाली, "लॉकर मी.
मला कुठं भिजायचंय?
तुम्ही घसरा खुशाल, मी सूप मांडीवर घेऊन
पाचशे विड्या वळते."
सूप न्यायला बंदी आहे का,
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पाण्यातले कपडे भाड्यानं शंभर.
राजमणीनं एकाच जांभळ्या ताग्यातून
सगळ्या जावांचे शिवले.
टॉवेल घरचे, सेकंडचे,
एका काठाला धागा सुटलेले.

अवघड होतं ते चरणचं.
साडेचार फुटांखाली पोराचं तिकीट,
आणि उलट्या फिरणाऱ्या गाडीत
साडेचार फुटांवरच्यालाच बसू देतात.
चौकटीवर पेन्सिल लावली, दोन बोटं जास्त भरला.
अंबादास भावोजी म्हणाले, "खिडकीपाशी गुडघे वाकव."
"आणि गाडीपाशी?"
"गाडीपाशी ताठ."
आठ दिवस पोरगं बोळात सराव करत होतं,
लहान, मोठा, लहान, मोठा.
एकदा मध्येच थांबून म्हणालं,
"काकू, मी खरा किती?"

मंगळवारी बुकिंगच्या मुलीनं फोनवर सांगितलं,
वीस माणसं असतील तर सरसकट नऊशे,
उंची बघत नाही.
मी तीनदा गुणाकार केला. अठरा हजार.
तीन माणसं जास्त, सहाशे रुपये कमी.
सूतवाल्यानं असला हिशोब
आम्हाला जन्मात लावला नाही.
चरण जागच्या जागी ताठ झाला.

तीन कोण?
कुणी शेजारच्या गाजुलांचं नाव काढलं,
कुणी ड्रायव्हरलाच धरा म्हणालं.
नीलम नगर कुणी बोललं नाही.
तिथं व्यंकटेश, रेणुका आणि त्यांची अखिला,
मोजून तीन.
आठ मागांचे चार-चार झाले तेव्हा भांडण नव्हतं,
बॉबिन भरायच्या जुन्या मशीनवरून झालं.
चार वर्षं.
ती मशीन आमच्याच जिन्याखाली आहे, गंजलेली.

मी पेन्सिलनं तीन नावं लिहिली आणि वही
भावोजींच्या ताटाशेजारी उघडी ठेवली.
त्यांनी आधी बेरीज तपासली.
मग नावं वाचली.
मग परत बेरीज तपासली.
"सहाशे म्हणजे थोडे नाहीत," म्हणाले,
हात न धुताच फोन लावला.

"व्यंकट्या, सहाशे रुपये वाचतायत बघ."

तिकडून माग ऐकू येत होता, खटखट, खटखट,
आमच्यासारखाच, थोडा ढिला.
मग तो बंद झाला.
भावोजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"अखिलाला गाडी लागते," तिकडून आलं, बऱ्याच वेळानं.
"लिंबू धरलंय हिशोबात," भावोजी म्हणाले.

मी पेन शोधला.
नावं तशीच राहू दिली पेन्सिलीत,
लिंबाच्या एकाचे तीन केले.